जुनी यंत्रं काढायचा कायदा: पैसे कुणाचे, आणि मधल्या काळात फोन कुणाचा बंद?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. विट्याजवळच्या गावात तुम्ही सेवा केंद्र चालवता. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज, सगळं फायबरच्या एका लाइनवर. तुमचा केबलवाला म्हणतो, फायबरची लाइन जिथं येऊन जोडली जाते ते चिनी बॉक्स आता चालणार नाहीत, सरकारनं कायदा केलाय, नव्या बॉक्सचे अडीच हजार भरा. तुम्ही कुठेतरी वाचलंत की अमेरिकेत असाच कायदा झाला तेव्हा सरकारनं पैसे दिले. मग आपल्याकडे भुर्दंड गिऱ्हाइकाला का? आणि एवढं करून आपण खरंच सुरक्षित होतो का?

अडीच हजारांचं उत्तर लगेच देतो. अशी यंत्रं काढायला लावायचा अधिकार आपल्या कायद्यानं सरकारला दिलेला आहे. पण २०२१ पासून लागू असलेल्या सरकारी निर्देशात, नेटवर्कमध्ये आधीच बसलेली यंत्रं काढायची सक्ती नाही. त्यामुळे ‘कायदा आलाय’ एवढ्या तोंडी सांगण्यावर पैसे काढून देऊ नका. बॉक्स बदलायला दुसरं खरं कारण असू शकतं, त्याच्याकडे शेवटी येतो.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात मात्र मोठा प्रश्न आहे. एखादं यंत्र असुरक्षित ठरलं की ते काढायचा खर्च कोण उचलणार, आणि नवं उभं राहीपर्यंत कुणाचा फोन बंद राहणार? अशा कायद्यांचे लोकांवरचे परिणाम याच दोन गोष्टींवर ठरतात. बंदी कुठल्या देशावर आहे, याची चर्चा भरपूर होते, या दोन गोष्टींची फार कमी.

मी सातारा-सांगलीत टॉवरवर यंत्रं बसवणाऱ्या कंत्राटदारांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. एका कंपनीचं सगळं उतरवून दुसरीचं चढवायचं, ज्याला आम्ही स्वॅप म्हणतो, तीही कामं केलीत. आता छोट्या इंटरनेटवाल्यांना फायबरचं नेटवर्क उभं करून देतो. वकील नाही, तेव्हा कायद्याचं जे सांगतो ते कामात लागतं तेवढंच.

अमेरिकेचं आधी, कारण ‘तिथं सरकारनं पैसे दिले’ हे अर्धंच खरं आहे. तिथल्या संसदेच्या गुप्तचर समितीनं २०१२ मध्येच हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांबद्दल अहवाल देऊन सावध केलं होतं. एटी अँड टी, व्हेरायझन यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये ही यंत्रं जवळजवळ नव्हतीच. ती होती मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का अशा विरळ वस्तीच्या भागांतल्या छोट्या कंपन्यांकडे. मैलोन्‌मैल माळरान, एका टॉवरखाली मोजकी शेतकरी कुटुंबं, तिथं स्वस्त यंत्र मिळालं तरच धंदा जमतो. म्हणून २०२० च्या मार्चमध्ये ‘सिक्युअर अँड ट्रस्टेड कम्युनिकेशन्स नेटवर्क्स ॲक्ट’ झाला, तेव्हा कायदा देशभराचा असला तरी त्याचं ओझं पडलं ते नेमकं या विरळ वस्तीवर. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही असं काही झालं तर पुण्या-मुंबईपेक्षा आटपाडी, जत आणि पाटणला जास्त झळ बसेल.

त्या कायद्यात भरपाईची सोय होती, हे खरं. आधी २० लाखांपर्यंत ग्राहक असलेल्या कंपन्यांसाठी, पुढे ती मर्यादा १ कोटीवर नेली. २०२० च्या डिसेंबरात संसदेनं त्यासाठी १९० कोटी डॉलर मंजूर केले. कंपन्यांनी अर्ज केले तेव्हा आकडा गेला ५६० कोटींवर. तिथल्या दूरसंचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, छाननी करून साधारण ४९८ कोटी डॉलरचा खर्च योग्य धरला आणि २०२२ च्या जुलैत हाती होते तेवढे पैसे सारख्या प्रमाणात वाटले. प्रत्येक कंपनीच्या वाट्याला मान्य खर्चाच्या ३९.५ टक्के आले. राहतं घर पाडायचा हुकूम द्यायचा आणि बांधकामाच्या दर रुपयामागे चाळीस पैसे हातावर ठेवायचे, तसं झालं. शिवाय पहिला हप्ता मिळाला की एका वर्षात काम पुरं करायची अट. कंपन्यांनी मुदतवाढी मागितल्या. पैसा अपुरा, माल वेळेवर येत नाही, टॉवरवर चढणारी माणसं मिळत नाहीत, हिवाळ्यात काम बंद, अशी त्यांची कारणं होती. उरलेल्या ३०८ कोटी डॉलरची तरतूद झाली २०२४ च्या डिसेंबरात, तीही स्पेक्ट्रमचा लिलाव करून फेडायच्या कर्जातून.

या चार-साडेचार वर्षांत तिथल्या गिऱ्हाइकाचं काय झालं, हे पाहायला हवं. हुआवे-झेडटीईच्या यंत्रांसाठी ग्रामीण सेवेच्या सरकारी निधीतला पैसा वापरायला बंदी. जुन्याची क्षमता वाढवता येत नाही, नव्याला पैसे नाहीत. अशा वेळी कुठलाही शहाणा मालक जुन्या टॉवरवर खर्च करत नाही, जेमतेम चालू ठेवतो. निधी आला नाही तर काही कंपन्या योजनेतून बाहेर पडतील, काही ठिकाणी सेवाच बंद होईल, असा इशारा एफसीसीच्या अध्यक्षांना संसदेला द्यावा लागला. ज्या गावात दुसरा टॉवरच नाही, तिथं सेवा बंद म्हणजे अपघातात १०८ ला फोन न लागणं. तिकडे तो क्रमांक ९११.

आता एवढा वेळ आणि पैसा लागतो कशाला, हे सांगतो. बाहेरून वाटतं की एक डबा काढला, दुसरा लावला. टॉवरच्या पायथ्याशी कॅबिनेटमध्ये बेसबँड असतो, म्हणजे सिग्नलवर काम करणारा मुख्य डबा, वर अँटेनाजवळ रेडिओ, म्हणजे तो सिग्नल हवेत सोडणारा आणि घेणारा डबा, मध्ये फायबर. एका कंपनीचा बेसबँड दुसऱ्या कंपनीच्या रेडिओशी सहसा बोलत नाही. म्हणून एक डबा बदलायचा ठरला की बहुतेक वेळा सगळा संच बदलतो. शेजारच्या टॉवरवर जुनं आणि इथं नवं असं राहिलं तर चालत्या गाडीतला कॉल एकीकडून दुसरीकडे जाताना तुटायची शक्यता वाढते, म्हणून टॉवर एकेक न घेता पट्टाच्या पट्टा घ्यावा लागतो. त्याही आधी मागचं कोअर तयार हवं, म्हणजे शहरातली ती मध्यवर्ती यंत्रणा जिथून तुमचं सिम ओळखलं जातं आणि कॉल पुढे जातो.

रात्री बारानंतर साइट डाउन घ्यायची, म्हणजे टॉवर बंद करायचा. वर दोघे, खाली दोघे. रेडिओ दोरावरून उतरवायचा, नवा चढवायचा, जंपर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या छोट्या केबल, जोडायचे, खाली लॅपटॉप लावून कमिशनिंग, म्हणजे यंत्र चालू करून सेटिंग, अलार्म क्लिअर, टेस्ट कॉल, आणि पहाटे पाचच्या आत साइट पुन्हा चालू. घाईत हमखास राहतं ते कनेक्टरचं टेपिंग. जंपर जिथं अँटेनाला जोडला जातो तिथं रबराची टेप खालून वर, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळायची असते, म्हणजे पाणी उतारानं निथळतं. वरून खाली गुंडाळली तर तीच टेप पाणी आत घेते. मार्चमध्ये काही कळत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला की व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे सिग्नल अँटेनातून बाहेर न पडता मागे परततोय असं सांगणारा अलार्म येतो, त्या सेक्टरची, म्हणजे टॉवरच्या त्या बाजूची ताकद उतरते, आणि तेव्हा वर चढायला कुणी तयार नसतं, ते बरोबरही असतं. मग त्या बाजूच्या वाड्या पावसाळाभर ‘रेंज नाही’ म्हणत राहतात. मुदत फार आवळली की अशी कामं वाढतात. कागदावर स्वॅप पूर्ण, सेवा पहिल्यापेक्षा वाईट.

सांगली शहरात विश्रामबागमध्ये एक टॉवर रात्रभर बंद ठेवला तर कुणाला पत्ताही लागत नाही, आजूबाजूचे तीन-चार तो भार उचलतात. तापोळा-बामणोलीकडे, पाटणच्या आत डोंगरात, तसं नाही. एक टॉवर, खाली विखुरलेल्या वाड्या. तिथं कामाला कोरडे महिने मिळतात तेवढेच. त्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी साताऱ्यातून जाते, त्या दिवसांत त्या पट्ट्यात कुणीही जबाबदार माणूस नेटवर्कला हात लावत नाही. म्हणजे कॅलेंडरवर वर्ष असलं तरी हातात वर्ष नसतं. दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये मुदत ठरवणाऱ्यानं हे विचारात घेतलं नाही तर खालच्या माणसाला ते भोगावं लागतं.

सांगलीकरांना आणखी एक सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत ज्याच्या घरात माणसं अडकली होती त्याला एकच गोष्ट हवी होती, कॉल लागणं. आपलं बोलणं कुणी ऐकतंय का, ही काळजी खरी आहे. पण नेटवर्क सुरक्षित आहे की नाही हे मोजताना ‘गरजेच्या वेळी लागतं का’ हेसुद्धा त्याच मापात धरायला हवं. बदलाच्या कायद्यांत हा भाग नेहमी मागे पडतो.

आता आपल्याकडचं. गलवाननंतर, २०२० च्या १६ डिसेंबरला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं दूरसंचार क्षेत्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश मंजूर केला आणि १५ जून २०२१ पासून तो लागू झाला. परवानाधारक कंपनीनं नवी यंत्रं फक्त विश्वासू ठरवलेल्या स्रोतांकडून, विश्वासू ठरवलेलीच घ्यायची, त्यासाठी सरकारी पोर्टलवरून मान्यता. जुनी यंत्रं सक्तीनं काढायची नाहीत, त्यांच्या चालू देखभाल करारांना आणि अपडेटना धक्का नाही, हे त्याच वेळी जाहीर केलं होतं. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्याच्या २१ व्या कलमात राष्ट्रीय सुरक्षेसाठी विश्वासू स्रोतांची अट घालायचा अधिकार आहेच, शिवाय अधिसूचित देशांची किंवा व्यक्तींची ठरावीक यंत्रं थांबवायचा, काढायला लावायचा, त्यांवर बंदी घालायचाही अधिकार आहे. २०२४ च्या जूनअखेरीस ते कलम अमलात आलं. म्हणजे उद्या आदेश निघू शकतो. पण अमेरिकेसारखी भरपाईची योजना त्या कलमाला जोडलेली नाही. तुमचा ‘पैसे कुणी द्यायचे’ हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

कॅमेऱ्यांचं वेगळं आहे, पण गल्लत होते म्हणून सांगतो. असुरक्षित ठरवलेल्या कंपन्यांच्या अमेरिकेच्या २०२१ च्या यादीत हुआवे, झेडटीई, हायटेरा यांच्याबरोबर हिकव्हिजन आणि दाहुआ होत्या, ज्यांचे कॅमेरे आपल्या बाजारपेठेतल्या दुकानादुकानांत लटकलेले दिसतात. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलपासून नव्यानं विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली. तो नियम बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि विकणाऱ्यांना आहे. तुमच्या भिंतीवरचा जुना कॅमेरा त्यानं बेकायदा होत नाही.

आपल्याकडे कुणाला किंमत मोजावी लागलीच नाही, असं मात्र समजू नका. बीएसएनएलच्या ४जीची निविदा २०२० च्या मार्चमध्ये निघाली होती, ती जुलैत रद्द झाली आणि यंत्रणा देशीच हवी असं ठरलं. मग सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचं कोअर, तेजस या देशी कंपनीचे रेडिओ, टीसीएसनं सगळं जुळवायचं, असा मेळ बसला. हजारो टॉवरवर ते उभं राहून त्याचं देशव्यापी उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. खासगी कंपन्यांचं ४जी २०१६ पासून घरोघरी पोचलं होतं, आणि बीएसएनएलवर अवलंबून असलेली बहुतेक माणसं त्यातली बरीच वर्षं २जी-३जीवर बसून होती. सातारच्या पश्चिम डोंगरात मी अशी गावं पाहिलीत जिथं दुसरा पर्यायच नव्हता. ऑनलाइन शाळेच्या काळात पोरं टेकडीवर चढून बसायची.

माझं मत विचाराल तर देशी यंत्रणा उभी राहिली, हे मोठं काम झालं. स्वतःचं कोअर आणि रेडिओ बनवू शकणारे देश जगात मोजके आहेत, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला उद्या कुणी सुटे भाग अडवून धरू शकत नाही. पण त्या वर्षांची किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती टेकडीवर बसलेल्या पोरांनी दिली. ती मान्य करून पुढच्या वेळी कमी कशी करता येईल, हे बोलायला हवं.

ब्रिटननं जरा वेगळं केलं. तिथं २०२० नंतर हुआवेची नवी ५जी यंत्रं घ्यायला बंदी, आणि बसलेली २०२७ अखेरपर्यंत काढायची. २०२१ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. सात वर्षं ही मुदत मला पटते, कारण टॉवरवरच्या रेडिओचं आयुष्य साधारण तेवढंच धरतात. म्हातारं झालेलं यंत्र बदलायचंच असतं, तेव्हा बदलाचा जास्तीचा खर्च बराच कमी होतो. तरी एकट्या बीटी कंपनीनं ५० कोटी पौंडांचा अंदाज दिला होता. फुकट काहीच नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, एवढं करून सुरक्षित होतो का.

आधी चिनी यंत्रांवरचा आक्षेप नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर तो फार वेडावाकडा फिरतो. ब्रिटनमध्ये हुआवेचा कोड तपासायला २०१० पासून खास केंद्र होतं. त्यावरच्या देखरेख मंडळानं २०१९ च्या अहवालात कंपनीच्या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीत गंभीर दोष दाखवले, पण हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपानं आले असं वाटत नाही, हेही स्पष्ट केलं. मग भीती कशाची? आजचं टेलिकॉम यंत्र म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर. ते बनवणारी कंपनी दूर बसून अपडेट पाठवते, बिघाड शोधायला आत येते. तो दरवाजा बंद ठेवून नेटवर्क चालत नाही. आणि चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांना सरकारच्या गुप्तचर कामात साहाय्य करावं लागतं. म्हणजे आज चोर सापडला म्हणून हे कायदे झालेले नाहीत. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला उद्या कोण हुकूम देऊ शकतं, या विचारानं झालेत. हा विचार मला बरोबर वाटतो, विशेषतः कोअरच्या बाबतीत.

पण तेवढ्यानं भागत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने चोरून ऐकले जात होते. नेटवर्क व्होडाफोनचं, एक्स्चेंज स्वीडनच्या एरिक्सनचं. पोलिसांना कायदेशीरपणे कॉल ऐकता यावेत म्हणून यंत्रात जी सोय असते, तीच कुणीतरी गुपचूप चालू करून वापरली होती. आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या बड्या कंपन्यांत चिनी हॅकर शिरल्याचं उघड झालं, ‘सॉल्ट टायफून’ नावानं ते प्रकरण गाजलं. ज्या कंपन्यांकडे हुआवे जवळजवळ नव्हतंच, त्यांच्यात! वाट कुठली? चोरलेले लॉगिन, आणि अमेरिकन बनावटीच्या राउटरमधल्या अशा त्रुटी, ज्यांची दुरुस्ती आधीच उपलब्ध होती पण घातली नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या आणखी जवळचं आहे. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम मालवेअरनं बंद पडले. कारखान्यातून आलेला पासवर्ड, ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन’, तसाच ठेवलेला होता. मोडेम कुठल्या देशातला होता यानं तिथं काही फरक पडला नसता.

म्हणून मी सल्ला देतो त्या छोट्या इंटरनेटवाल्यांना सांगतो, आधी वही करा. कुठं कुठलं यंत्र, मॉडेल कोणतं, फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, कितवं, बनवणारी कंपनी अजून अपडेट देते का. ही यादी ज्याच्याकडे नाही, त्याला काढायचं काय आणि ठेवायचं काय हे कळणार कसं? सरकारनंही सुरुवात इथूनच करायला लावावी. मग कोअर आधी, मोठ्या शहरांतलं पुढे, आणि एकट्या टॉवरवर चालणारी खोरी सर्वांत शेवटी, तीही पैसे हातात पडल्यावर आणि पावसाळा टाळून. पैशाची वाट आपल्याकडे आहे. परवानाधारक कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी भरतात, पूर्वीचा यूएसओ फंड, आता डिजिटल भारत निधी. शेवटी ते आपल्याच रिचार्जमधून जातात. २०२२ मध्ये सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी ४जीची २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, तिचा आधार हाच निधी. उद्या काढायचा आदेश निघालाच तर ग्रामीण टॉवरचा आणि छोट्या परवानाधारकांचा खर्च तिथून द्यावा, आदेशाच्या आधी द्यावा. अमेरिकेनं आदेश आधी दिला आणि पुरते पैसे चार वर्षांनी. त्यातून शिकायचं ते हेच.

आता तुमचा बॉक्स.

तो उलटा करा. मागच्या स्टिकरवर मॉडेलच्या आसपास ‘ईपॉन’, ‘जीपॉन’ किंवा ‘एक्सपॉन’ असं इंग्रजीत छापलेलं असेल. फायबरवरून इंटरनेट घरोघरी पोचवायच्या या वेगवेगळ्या पद्धती. आपल्या भागातल्या बऱ्याच केबलवाल्यांनी सुरुवातीला स्वस्त म्हणून ईपॉन घातलं. आता गिऱ्हाईक वाढलं, वेग हवा झाला, म्हणून ते ऑफिसमधली ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांच्या फायबर लाइन जिला जोडलेल्या असतात ती मुख्य यंत्रणा, जीपॉनची घेतात. नुसता ईपॉनचा बॉक्स जीपॉनच्या ओएलटीवर उठत नाही, बदलावाच लागतो. एक्सपॉन बहुधा दोन्हीकडे चालतो, फक्त सेटिंग करावं लागतं. तुमच्या स्टिकरवर ईपॉन असेल तर माझा कयास असा की त्याच्या ‘कायद्या’मागचं खरं कारण हे आहे. कारण रास्त आहे, पण तो त्याच्या धंद्यातला सुधार झाला. खर्च कुणी किती घ्यायचा हे तुमच्या त्याच्या बोलण्यावर आहे, सरकारचं नाव मध्ये घालायचं कारण नाही.

त्याला शांतपणे विचारा: आदेश कुणाचा, तारीख काय, कागद दाखव. बॉक्स कुणाच्या मालकीचा, हे सुरुवातीची पावती पाहून ठरवा. तेव्हा डिपॉझिट घेतलं असेल तर बॉक्स त्याचा, आणि तो बदलायची जबाबदारी त्याची. बॉक्स तुम्ही विकत घेतला असेल तर नव्यासाठी जीएसटीचं बिल मागा, बिलावर मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर हवा, आणि त्या मॉडेलला टीईसीचं, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. जुन्या स्वस्त बॉक्सच्या जागी दुसरा बिननावाचा बॉक्स लावून घेण्यात काही अर्थ नाही. तो अडून बसला तर त्याच्यामागे ज्या परवानाधारक इंटरनेट कंपनीचं नाव तुमच्या बिलावर आहे, तिच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या, नाही जमलं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. टेलिकॉमच्या तक्रारींसाठी ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या फेब्रुवारीत ते स्पष्ट केलंय. अडीच हजारांसाठी एवढं करायची वेळ बहुधा येणार नाही, कागद मागितला की बोलणं मवाळ होतं.

बॉक्स जुना राहो की नवा येवो, त्याचा ॲडमिन पासवर्ड तुमच्यासमोर बदलून घ्या आणि वायफायचा वेगळा ठेवा. बाहेरच्या इंटरनेटवरून लॉगिन पान उघडत असेल तर ते बंद करायला सांगा. त्याला स्वतःच्या देखभालीसाठी आत यावं लागतं, पण ती वाट त्याच्या नेटवर्कपुरती ठेवता येते. तुमच्या केंद्रात लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुकं स्कॅन होतात, म्हणून हे मी जास्त आग्रहानं सांगतोय. गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर ते गेस्ट नेटवर्कवर द्या.

शेवटचं, आणि तुमच्या रोजच्या कामाचं. तो ओएलटी बदलणार असेल तर तुमच्या एकट्याची लाइन जाणार नाही, त्या पोर्टवरची, म्हणजे ओएलटीच्या त्याच तोंडाला जोडलेली सगळी वस्ती एकदम जाईल, आणि घरोघरी बॉक्स बदलत तुमच्यापर्यंत यायला त्याला दोन दिवसही लागतील. तारीख आधी मागून घ्या. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते, दाखल्यांची गर्दी जूनमध्ये, त्या दिवसांत काम काढू नको म्हणून सांगा, आणि पहिला बॉक्स सेवा केंद्राचा बदलायचा हे कबूल करून घ्या. तोवर दुसऱ्या कंपनीचं एक डेटा सिम तयार ठेवा. मात्र त्या कंपनीचा टॉवर याच्याच फायबरवर चालत नाही ना, हे त्याला विचारून घ्या. छोट्या गावात तसं बऱ्याचदा असतं, आणि मग दोन्ही एकदमच बंद पडतात.